कागद कुणी आणला?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटची पाटी बदलून बरीच वर्षं झाली. सरकारदरबारी ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे; टॅक्सीवाल्याला मात्र आजही ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हटल्याशिवाय उमगत नाही. ज्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डचं नाव या इमारतीला मिळालं, तो १८६५ साली मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. पुढे पुण्यात कमिशनर असताना लाचखोरीच्या आरोपावरून चौकशी लागली, तेव्हा हाच साहेब वेष पालटून पळाला आणि मुंबईत पकडला गेला. आंब्याच्या पेट्यांमधून वाट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण सत्ताधाऱ्यांची आणि पैसेवाल्यांची लबाडी छापून चव्हाट्यावर मांडण्याच्या धंद्याचा महाराष्ट्रातला इतिहास या मंडईच्या दोन्ही नावांना शिवून जातो. क्रॉफर्डचा संबंध उघड आहे. फुल्यांचा जरा आडवळणाचा आहे, आणि काळाच्या हिशेबात तो आधीचा आहे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. लिटनचा १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा तेव्हा अमलात होता. चालवणारी मंडळी पंचविशीतली, खिशात पैसा नाही, अंगात रग भरपूर. वर्ष सरायच्या आत कोल्हापूरहून बातम्या येऊ लागल्या. तिथले छत्रपती चौथे शिवाजी हे दत्तक आलेले, वयाने कोवळे. त्यांना वेड लागलं आहे असं सरकार म्हणत होतं. महाराज वेडे नाहीत, त्यांचे हाल करून त्यांना वेडं ठरवलं जातंय, असं लोक म्हणत होते. आणि बोट होतं संस्थानचे कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्याकडे. कुजबुज दाट होती, पण कुजबुजीवर अग्रलेख लिहून भागत नाही. मग पत्रं आली. ती बर्व्यांच्या हातची आहेत आणि त्यांत महाराजांविरुद्धच्या कटाचा पुरावा आहे, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. पुण्यातल्या वृत्तपत्रांनी त्यांवर विश्वास ठेवला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ही त्यात होते.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली.

टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला बाहेर आले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिलं. रात्री-अपरात्री दोघांचे वाद इतके रंगत की पहारेकरी येऊन दटावत, हे त्यातलंच. शिक्षेच्या आधी जामिनाचा प्रश्न आला होता. रक्कम होती दहा हजार रुपये, आणि ती भरली जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी. पुढे टिळक आणि सत्यशोधक एकमेकांच्या किती विरुद्ध दिशांना गेले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या वेळी मात्र पुण्यातल्या ब्राह्मण संपादकांचा जामीन फुल्यांच्या माणसाने भरला, आणि सुटून आल्यावर सत्यशोधकांनी त्यांचा सत्कारही केला. एरवी एकमेकांच्या ओट्यावर न चढणारी माणसं छापखान्यावर संकट आलं की एकत्र येतात, याचा हा मराठीतला पहिलावहिला दाखला म्हणता येईल. फार वेळा तो पुन्हा घडला असं मात्र नाही.

या खटल्याकडे आपण सहसा टिळक-आगरकरांचं पहिलं शौर्य म्हणून पाहतो. शाळेच्या पुस्तकांनी तसं शिकवलंय. धंद्याच्या बाजूने पाहिलं तर ती पहिली मोठी चूक आहे, आणि फार शिकवून जाणारी. संशय खोटा होता असं म्हणवत नाही. महाराजांचे हाल होत होतेच. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वीस-एकवीस वर्षांचं वय. म्हणजे बातमीचा गाभा खरा आणि कागद खोटे. कोर्टात गाभा चालत नाही, कागद चालतो. कागद कुणी आणला, त्याला तो कसा मिळाला, आणि आपल्याच हाती द्यायला तो का आला, हे तीन प्रश्न न विचारता छापलं की समोरचा माणूस कितीही दोषी असो, तुरुंगात संपादक जातो.

टिळक हा धडा विसरले नाहीत. सहा वर्षांनी क्रॉफर्ड प्रकरण उभं राहिलं तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली.

क्रॉफर्ड हा विचित्र माणूस. मुंबई स्वच्छ केली, रस्ते काढले, मंडई बांधली, आणि हे करताना म्युनिसिपालटीचा पैसा असा उधळला की १८७१ साली त्याला ते पद सोडावं लागलं. नेटिव्ह लोकांत मिसळणारा, दिलदार, आणि कायमचा कर्जबाजारी. १८८० च्या दशकात तो मध्य विभागाचा कमिशनर म्हणून पुण्यात होता. मामलेदारांच्या नेमणुका, बदल्या, बढत्या त्याच्या हातात. त्या हाताकडे जाणारी वाट हणमंतराव नावाच्या माणसाच्या घरावरून जाते, हे पाचसहा जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांना माहीत होतं. चांगला तालुका हवा, हणमंतरावांना भेटा. गैरसोयीची बदली टाळायची, हणमंतरावांना भेटा. कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि लिहून कुठेच नाही.

गव्हर्नर लॉर्ड रे याच्या सरकारने १८८८ साली हे प्रकरण हाती घेतलं. अडचण उघड होती. लाच देणारा स्वतःहून कशाला बोलेल? तो बोलला तर गुन्हेगार ठरतो. म्हणून पोलीस खात्याचा प्रमुख ओमनी याने सरकारच्या वतीने मामलेदारांना अभय दिलं : खरं सांगा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. त्या भरवशावर मामलेदार पुढे आले आणि आम्ही पैसे दिले असं त्यांनी सांगितलं. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचं कमिशन पुण्यात बसलं. शहराला दुसरा विषय उरला नाही.

निकाल लागला तो असा. लाचेचे आरोप क्रॉफर्डवर सिद्ध होत नाहीत; हाताखालच्या माणसांकडून त्याने कर्जं काढली, एवढं मात्र खरं. तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली आणि तो विलायतेला निघून गेला. तिथे पोलिसी आठवणींची आणि पुण्याबद्दलची पुस्तकंही त्याने छापली. मागे राहिले मामलेदार. त्यांनी स्वतःच्या तोंडाने लाच दिल्याचं कबूल केलं होतं, आणि अशा माणसांनी न्यायदानाच्या खुर्चीत बसावं हे इंग्लंडातल्या सोवळ्या मतांना रुचेना. विलायतेतून दडपण आलं आणि सरकारने दिलेला शब्द फिरवला. घेणाऱ्याने घेतलं हे सिद्ध नाही आणि देणाऱ्याने दिलं हे कबूल आहे, असा तो न्याय. मामलेदारांवर बडतर्फीची कुऱ्हाड पडू लागली.

टिळकांनी इथे पेन उचललं. त्यांनी क्रॉफर्डच्या पापांची यादी करण्यात शाई दवडली नाही. ते काम सरकारने करून झालं होतं. त्यांनी धरून ठेवला तो सरकारचा शब्द. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात जाहीर सभा झाली. मामलेदारांना दिलेलं वचन पाळावं असं तिथे ठासून मांडलं गेलं. लंडनमध्ये विल्यम डिग्बींशी पत्रव्यवहार झाला, चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी पार्लमेंटात प्रश्न लावून धरला. दरम्यान हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्येच या साक्षीदारांना खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. नोकरीतून गेलेल्यांची काही भरपाईही झाली. सगळ्यांना सगळं मिळालं नाही.

या लढ्याबद्दल त्या काळात टिळकांना टोमणे खावे लागले. लाच देणाऱ्यांची वकिली करतात, असं काहींचं म्हणणं पडलं. त्यात तथ्य नाही असं नाही. हे मामलेदार काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, आणि दिलेली लाच ते रयतेकडून वसूल करत असणार हे उघड आहे. पण टिळकांना एक गोष्ट कळली होती, जी आजच्या कायद्यांनाही नीट कळलेली दिसत नाही. आतल्या माणसाने तोंड उघडल्याशिवाय कुठलाही भ्रष्टाचार बाहेर येत नाही, आणि आतला माणूस क्वचितच निर्मळ असतो. तोंड उघडणाऱ्याला एकदा चिरडलं की पुढची पन्नास वर्षं कचेरी गप्प.

पुढच्या काही दशकांत वर्तमानपत्रांचं भांडण मुख्यतः राज्यकर्त्यांच्या असण्याशीच झालं. त्यांच्या हिशेबवह्यांकडे पाहायला फुरसत नव्हती. स्वराज्य आल्यावर वह्या आपल्याच माणसांच्या झाल्या, आणि मग प्रश्न नाजूक झाला.

त्या अवघड वळणावर एक कायदा आहे, ज्याची आठवण कमीच जणांना असते. संसदेत काय बोललं गेलं ते छापलं म्हणून वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, असा कायदा १९५६ साली झाला. तो आणला होता फिरोज गांधी यांनी, खासगी विधेयक म्हणून. पुढल्याच वर्षी, १६ डिसेंबर १९५७ रोजी, ते लोकसभेत उभे राहिले आणि नव्याने सरकारी झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा या उद्योगपतीच्या बुडत्या कंपन्यांचे शेअर का घेतले, याचा त्यांनी हिशेब मागितला. रक्कम सव्वा कोटीच्या आसपास. पॉलिसीधारकांचा पैसा. अर्थमंत्री आणि त्यांचे सचिव यांच्यातला पत्रव्यवहारच त्यांच्या हाती लागला होता. चौकशी मुंबईत झाली, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्यापुढे, उघड्या दरवाजांनी. गर्दी मावेना तेव्हा बाहेर कर्णे लावले गेले. अर्थमंत्री कृष्णम्माचारी साक्ष देताहेत आणि मुंबईकर रस्त्यावर उभे राहून ऐकताहेत, असं दृश्य पुन्हा या शहराने पाहिलं नाही. महिनाभराच्या आत अहवाल आला, अर्थमंत्री गेले. आज चौकशी आयोगांना मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळते, त्या पार्श्वभूमीवर हा वेग कल्पित वाटावा. फिरोज गांधींचा तो कायदा आणीबाणीत, १९७६ साली, रद्द झाला आणि १९७७ मध्ये परत आला.

मग आलं सिमेंट.

आज सिमेंटची गोणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. १९८० साली ती मिळत नसे, परमिट लागे. घराची गच्ची गळत असेल तर अर्ज, शिफारस, रांग. बिल्डरला तर हजारो गोण्यांची गरज. ज्याच्या सहीने सिमेंट सुटतं त्याच्या सहीला सोन्याचा भाव. जून १९८० मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले आणि वाटपाची ही किल्ली त्यांच्या हाती आली.

अंतुल्यांना एका शब्दात बसवणं कठीण आहे. म्हसळ्याजवळच्या आंबेतचा हा कोकणी माणूस धडाक्याने निर्णय घेत होता. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड त्यांनी केलं, सिंधुदुर्ग जिल्हा त्यांच्याच काळात झाला, निराधारांना दरमहा पैसे देणारी योजना त्यांनी आणली, आणि लंडनहून भवानी तलवार परत आणण्याच्या गोष्टीने त्यांनी राज्य हलवून सोडलं होतं. आजही कोकणात म्हाताऱ्या माणसांपाशी विषय काढला तर अंतुल्यांबद्दल बरंच बोलणारे भेटतात. याच माणसाने ट्रस्ट काढले. त्यांतला मुख्य इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान : गरजू लेखक-कलावंतांना मदत करणं हा हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. देणग्यांचा ओघ मात्र कलाप्रेमींकडून येत नव्हता. तो येत होता साखर कारखान्यांकडून आणि बिल्डरांकडून.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. लांबलचक, कागदपत्रांनी ठासून भरलेला. शौरींची लिहिण्याची तऱ्हाच ती : विशेषणं नंतर, आधी कागद. पंतप्रधानांच्या नावाचा ट्रस्ट, मुख्यमंत्र्यांच्या मुठीतला कारभार, आणि देणगीच्या बदल्यात सरकारी मेहेरबानी. दिल्लीत संसद डोक्यावर घेतली गेली. मुंबईत प्रा. प. बा. सामंत यांच्यासारखी समाजवादी मंडळी हायकोर्टात गेली. लेखाचा परिणाम पाहायचा तर तो इथे पाहावा. वर्तमानपत्र आरोप करू शकतं. तारखांवर तारखा ठेवून पाहणं हे कोर्टाचं काम. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे एका बाजूला देणग्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटवाटपाचे आदेश. १२ जानेवारी १९८२ च्या निकालात त्यांनी दोन्हींची गाठ आहे असं म्हटलं. अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

गोष्ट इथे संपली असती तर ती सरळ झाली असती. फौजदारी खटला सुप्रीम कोर्टापर्यंत वर-खाली होत राहिला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच कोर्टाचा आधीचा आदेश चुकीचा ठरवून तो मागे घेतला, आणि कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल घोकतात. अंतुल्यांना शिक्षा झाली नाही. पुढे ते केंद्रात दोनदा मंत्री झाले. शौरींना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ‘एक्सप्रेस’मधून त्यांना जावंही लागलं. मराठी माणसाच्या बोलण्यात मात्र ‘सिमेंट प्रकरण’ हा शब्द कायमचा राहिला, आणि सिमेंटवरचं नियंत्रण त्याच १९८२ साली सैल झालं.

दहा वर्षांनी याच मुंबईत एका वेगळ्याच जातीचा कागद बाहेर आला. तो समजायला मंत्रालयाची नव्हे, बँकेची भाषा लागत होती.

१९९१ च्या आरंभी शेअर बाजाराचा निर्देशांक हजाराच्या आसपास होता. २२ एप्रिल १९९२ ला तो ४,४६७ वर पोचला. दलाल स्ट्रीटवर हर्षद मेहताचं नाव मंत्रासारखं घेतलं जात होतं. डोंबिवलीच्या लोकलमध्ये एसीसीच्या भावावर चर्चा चाले, आणि ज्यांनी आयुष्यात पोस्टाच्या पुस्तकापलीकडे काही पाहिलं नव्हतं अशी माणसं फंडातून पैसे काढून शेअर घेत होती. एवढा पैसा येतो कुठून, हे विचारणारा वेड्यात निघाला असता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई कचेरीत अर्थविषयक बातम्या पाहणाऱ्या सुचेता दलाल यांनी तो प्रश्न सोडला नव्हता. स्टेट बँकेतून आतली खबर त्यांच्यापर्यंत आली. २३ एप्रिलच्या अंकात बातमी छापून आली : स्टेट बँकेच्या हिशेबात सुमारे पाचशे कोटींचे सरकारी रोखे सापडत नाहीत, आणि बँकेने एका बड्या दलालाला ते भरून द्यायला सांगितलं आहे. पहिल्या बातमीत हर्षदचं नाव नव्हतं. ‘बिग बुल’ एवढं म्हटलं, आणि बाजारात कुणालाही शब्दकोश काढावा लागला नाही.

हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण इतकी साधी फट क्वचित सापडते. बँकांना सरकारी रोखे बाळगावेच लागतात. एखाद्या बँकेकडे ते कमी पडले की ती दुसरीकडून पंधरवड्यापुरते घेई आणि ठरल्या भावाने परत करी. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. व्यवहार दलालामार्फत. रोखे प्रत्यक्ष हलवण्याऐवजी ‘रोखे आमच्याकडे आहेत’ असं सांगणारी एक पावती दिली जाई, तिचं नाव बँक रिसीट. खरी नोंद रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात, हाताने लिहिलेल्या खातेवहीत. बँकेची वही एक बोलते आणि रिझर्व्ह बँकेची दुसरी, हे कळायला बराच वेळ लागे. त्या मधल्या वेळात बँकेच्या नावाने काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा होई आणि तिथून पैसा शेअर बाजारात जाई. काही पावत्यांच्या मागे तर रोखेच नव्हते.

असल्या पोकळ पावत्या देणाऱ्यांत एक नाव होतं बँक ऑफ कराडचं. सातारा जिल्ह्यातली ही बँक, उसाच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशावर वाढलेली. मुंबईतल्या तिच्या शाखेतून जे कागद निघाले त्यांपुढे तिची ऐपत चिमूटभर होती. १९९२ च्या मेमध्ये ती बुडीत निघाली आणि कराडच्या पेठेत ठेवीदार दारात उभे राहिले. दोन वर्षांनी बँक ऑफ इंडियात तिचं विलीनीकरण झालं. या घोटाळ्याच्या गोष्टीत लेक्सस गाडी येते, वरळीचं घर येतं, पंतप्रधानांना एक कोटीची बॅग दिल्याचा १९९३ चा आरोप येतो. कराडचे ठेवीदार फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाहीत.

बातमीनंतर २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात ५७० अंशांनी कोसळला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने आकडा ४,००० कोटींच्या पुढे नेला. दलाल यांनी देबाशिस बसू यांच्यासोबत पुढल्याच वर्षी या साऱ्यावर पुस्तक लिहिलं. त्याची खासियत अशी की हर्षद त्यात एकटा खलनायक नाही. कोण जिंकलं, कोण बुडालं, कोण निसटलं, हा त्यांचा प्रश्न. आणि निसटलेल्यांत मोठमोठ्या परदेशी बँका होत्या. बऱ्याच वर्षांनी याच पुस्तकावरून मालिका निघाली, तेव्हा तरुण मुलांना हर्षदच्या संवादांचं वेड लागलं. पुस्तकातल्या बँकांची आठवण त्यातल्या किती जणांना राहिली असेल?

कोल्हापूर प्रकरणाची खरी जोडी मात्र १९९२ शी जुळत नाही, २०१५ शी जुळते. त्या वर्षी दलाल-बसू यांच्या ‘मनीलाइफ’ मासिकाकडे एक निनावी पत्र आलं. राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसईच्या संगणकांत काही दलालांना इतरांच्या आधी भाव कळतात, असा त्यात दावा होता. निनावी पत्र, म्हणजे १८८१ चीच परीक्षा. त्यांनी पत्रातला तांत्रिक भाग तपासून घेतला, एनएसईला आणि सेबीला प्रश्न पाठवले, उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही तेव्हा जूनमध्ये छापलं. एनएसईने १०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. ९ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी लेखांवर बंदी मागणारा अर्ज फेटाळला आणि उलट एनएसईलाच ५० लाख भरायला लावले : दीड-दीड लाख दलाल आणि बसू यांना, बाकीचे ४७ लाख दोन रुग्णालयांना. आधी विचारलं होतं, हे लेखकांच्या बाजूने भक्कमपणे उभं राहिलं. २०१९ मध्ये सेबीने एनएसईला ६२४ कोटींहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. २०२३ च्या जानेवारीत अपिली न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली आणि निष्काळजीपणाबद्दल १०० कोटी भरायला सांगितले. म्हणजे निकालही पुरा कुणाच्याच पदरात नाही.

मुंबई हायकोर्टात चांगले वकील मिळतात, इंग्रजी मासिकामागे नाव असतं, पुरस्कार असतो. तालुक्याच्या गावी यातलं काही नसतं. २००५ चा माहिती अधिकार कायदा आल्यावर कागद मिळवायला कुणाच्या मेहेरबानीची गरज उरली नाही. त्यामुळे शोध घेणारा माणूस आता कुणीही असू शकत होता, आणि त्याला गाठणंही तितकंच सोपं झालं. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमिनींच्या व्यवहारांचे कागद असेच अर्ज करून काढले होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी, फिरायला निघाले असताना, त्यांचा खून झाला. त्याच वर्षी कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीच्या ३१ मजल्यांनी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं पद घेतलं, त्यामागेही असेच अर्ज होते. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य.

६ फेब्रुवारी २०२३. राजापुरात ‘महानगरी टाइम्स’मध्ये शशिकांत वारिशे यांची बातमी आली. बारसूच्या रिफायनरीवरून तालुका पेटलेला होता. जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाचे फलकांवर बड्या नेत्यांबरोबर फोटो झळकत होते, आणि त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत एवढंच वारिशे यांनी लिहिलं होतं. जुन्या भाषेत सांगायचं तर हणमंतरावाच्या घराचा पत्ता छापला. त्याच दुपारी, मुंबई-गोवा महामार्गावर कोदवलीजवळच्या पेट्रोल पंपापाशी, त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. गाडी चालवत होता बातमीतलाच माणूस. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. घाट चढून वारिशे यांना उपचारांसाठी कोल्हापूरला नेण्यात आलं. ७ तारखेला ते तिथेच गेले.